पिर्कनहाइमच्या तलवारीचं टोक

लोखंडाची चित्रं काढायला कुणी हौसेनं पुढे येत नसे. काचेची बाटली सापडली, चांदीचा चमचा सापडला, की बाहेरून चित्रकार बोलावला जायचा, फोटोवाला यायचा, महापौरसुद्धा वाकून बघून जायचे. लोखंड आलं की सगळे एका सुरात म्हणायचे, "रोस्विटाकडे द्या."

आणि रोस्विटा प्लाइन्टिंगर ते घ्यायची. डॅन्यूबकाठच्या पिर्कनहाइम गावातल्या संग्रहालयामागे पूर्वी दुधाची डेअरी होती, तिथे आता कार्यशाळा होती. फरशीला अजून नाल्याकडे उतार होता, म्हणून तिनं आपल्या टेबलाच्या एका पायाखाली लाकडाची चकती ठोकून घेतली होती. त्या टेबलाशी तिची एकतीस वर्षं गेली. त्याआधी ती ट्रॅक्टरच्या कारखान्यात नटबोल्टांचे आराखडे काढायची. तिथे निदान वस्तू नवी असायची.

जमिनीतून वर आलेलं लोखंड म्हणजे करपलेल्या पावाचा तुकडा. गंज, वाळू, खडे, सगळं एकजीव झालेलं. त्यात तलवार कुठली आणि नदीची वाळू कुठली, हे नुसत्या नजरेला कळत नाही. हात फिरवावा लागतो, मापं घ्यावी लागतात, मग घटकाभर गप्प बघत बसावं लागतं. आधी मिलिमीटरच्या कागदावर पेन्सिलीनं काढायचं, मग त्यावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं. जे हातात आहे ते सलग रेघेनं. जे असावं असं वाटतं, ते तुटक रेघेनं.

हे तिला डॉक्टर ओलेनडॉर्फनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "प्लाइन्टिंगरबाई, सलग रेघ म्हणजे शपथ. तुटक रेघ म्हणजे मत. आपल्याकडे मतं जितकी कमी तितकं बरं."

डॉक्टर उत्तरेकडचे, समुद्राकाठचे. इतकी वर्षं बव्हेरियात काढूनही सॉसेजबरोबर गोड मोहरी खायला तयार नव्हते. तिखट मोहरीची बाटली पिशवीत घेऊन फिरत. गावात त्यांना अजून "नवे साहेब" म्हणत. चौदा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, पण निवृत्त झाले म्हणजे एवढंच झालं, की स्वतःच्या गाडीऐवजी बसनं येऊ लागले. आयुष्यभर त्यांनी एकच विषय धरून ठेवला होता: रोमन सत्तेच्या उतरत्या काळातल्या, सीमेवरच्या सैनिकांच्या आखूड तलवारी. लांब तलवारींवर सगळेच लिहितात, ते म्हणत. आखूडांना कुणी वाली नाही.

वाली नसायला कारणही होतं. या तलवारींवर ना नाव, ना शिक्का, ना साल. शेजारी काय पडलं होतं त्यावरून वय ठरवायचं: एखादं नाणं, म्यानाच्या टोकाची पितळी टोपी, मडक्याची कड. शेजारी काहीच नसेल तर आकारावरून: पातं किती रुंद, मधली पन्हळ कुठवर जाते, टोक कसं निमुळतं होतं. या आकाराची एक तलवार नाण्यासकट सापडली, म्हणून तशी दुसरीही त्याच काळातली. सगळी इमारत अशी एकीवर एक.

त्या इमारतीचा पायाच पिर्कनहाइमचा होता. एकतीस वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या वाळूच्या खाणीत, जळालेल्या छावणीच्या एका खड्ड्यात, एका नाण्याशेजारी ती तलवार सापडली. सुईसारखं लांब टोक असलेली. असं टोक तोवर कुणी पाहिलं नव्हतं. रोस्विटानं तिचं चित्र काढलं, डॉक्टरांनी त्यावर लेख लिहिला, आणि "पिर्कनहाइम प्रकार" जन्माला आला. पुढे डॅन्यूबच्या काठाकाठानं सापडलेल्या आणखी चौदा तलवारी त्या प्रकारात जाऊन बसल्या. त्यातल्या बहुतेकांची टोकं तुटलेली होती. ती तुटक रेघेनं पुरी करताना रोस्विटानं पहिल्या तलवारीचं टोक समोर ठेवलं होतं.

आता डॉक्टर एकोणऐंशीचे होते. दोन वर्षांपासून त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता, फक्त कडेचं दिसायचं. "समोरच्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही," ते सांगत. "काही माणसांच्या बाबतीत ही सोयच आहे." सगळ्या आखूड तलवारींचं त्यांचं मोठं पुस्तक शुक्रवारी छपाईला जायचं होतं, आणि शेवटची मुद्रितं रोस्विटा त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होती. मेमध्ये तीही निवृत्त होणार होती. तिचे गुडघे त्याआधीच निवृत्त झाले होते.

त्या सोमवारी दिलेकनं तिला हाक मारली. दिलेक म्हणजे लोखंड साफ करून टिकवणारी. आईवडील तुर्कस्तानचे, तिचा जन्म मात्र शेजारच्याच गावातला, आणि बोली इतकी अस्सल की डॉक्टरांना तिचं निम्मं बोलणं कळत नसे. मोठ्या बहिणीला तिच्या घरी म्हणतात तसं ती रोस्विटाला आब्ला म्हणायची.

"आब्ला, जरा इकडे ये. चष्मा घेऊन ये."

"नाकावरच आहे."

"मग आधी बस."

"बसायला सांगतेस म्हणजे काहीतरी वाईट आहे."

"टोक बघ."

पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी तलवार कपाटातून काढली होती, आणि नवं यंत्र हाताशी होतं म्हणून दिलेकनं तिचा एक्स-रे घेतला होता. तलवार सापडली तेव्हाही एक घेतला होता, घोड्यांच्या डॉक्टरकडे. त्यात धुकं सोडून काही दिसलं नव्हतं. आता पडद्यावर पातं स्वच्छ दिसत होतं. मधली पन्हळ खाली खाली येत होती, आणि मग पातं संपत होतं. आखूड, तिरकं, घासून काढलेलं टोक. त्यापुढे नुसता गंजाचा ढग, आणि ढगात एक लांब काळी काडी. काडीला डोकं होतं.

"खिळा," दिलेक म्हणाली. "खोक्याचा असेल, दाराचा असेल. शेजारी पडून चिकटून गंजला."

रोस्विटा पडद्याजवळ सरकली.

"आणि पन्हळ बघितलीस? ती टोकाआधी विरायला पाहिजे ना? ही तर सरळ उघडीच बाहेर जाते."

"लांब तलवार होती," रोस्विटा म्हणाली. तिचा आवाज तिलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "मोडली. मग कुणीतरी मोडलेलं घासून आखूड केली."

"माझी आजी फाटलेल्या चादरीच्या उशा शिवायची, तसं." दिलेकनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, मी कुणाला काही सांगणार नाही. पण फोटो फायलीत लावणार. ते मला लावावंच लागेल."

"लाव की."

रोस्विटा उठली आणि नकाशांच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण ओढला. त्यासाठी तिला जमिनीवर बसावं लागलं, आणि बसल्यावर लगेच उठणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं दोन्ही कागद मांडीवर घेऊन तिथेच पाहिले. पेन्सिलीच्या कागदावर अकरा फेब्रुवारी ही तारीख होती. त्यावर टोकाआधी साडेसहा सेंटिमीटरवर सलग रेघ संपत होती. पुढे तुटक. शेजारी तिच्या अक्षरात एक प्रश्नचिन्ह. शाईच्या कागदावर तारीख तेरा फेब्रुवारी. रेघ टोकापर्यंत अखंड. प्रश्नचिन्ह नाही. खाली तिची आद्याक्षरं.

ते दोन दिवस तिला आठवत होते. तिचा मुलगा टोनी तेव्हा पाच महिन्यांचा होता आणि त्याला डांग्या खोकला झाला होता. ती कागद घरी घेऊन गेली होती, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका हातानं पाळणा ढकलत. दोन दिवस डोळ्याला डोळा नव्हता. पण ती रेघ आठवेना. किती आठवायचा प्रयत्न केला तरी आठवत होता तो फक्त बाळाचा निळा पडलेला ओठ. रेघ आपली आपणच टोकापर्यंत गेली होती.

घरी फेर्डल बटाट्याच्या सुपाची वाट बघत बसला होता. तिचा नवरा बसचा ड्रायव्हर होता, आता कमरेचा सांधा बदलून घरी बसला होता. ईस्टरपर्यंत बियर सोडायची असं त्यानं यंदा सगळ्या गावासमोर जाहीर केलं होतं, आणि तेव्हापासून त्याच्याशी कुणाचं पटत नव्हतं. दारात जुनी व्हॅन उभी होती. मे महिन्यात तीत गाद्या टाकून दोघांनी इटलीला जायचं, निदान सप्टेंबरपर्यंत परत यायचं नाही, हा त्याचा बेत.

तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं सूप संपेपर्यंत ऐकलं.

"कुणाला कळणार आहे?"

"दिलेकला कळलंय."

"ती बोलेल?"

"नाही. फोटो फायलीत लावणार."

"मग झालं! फायली कोण उघडतं? अगं, सतराशे वर्षं त्या तलवारीला कुणी विचारलं नाही. आणखी दोन महिने दम धर."

"पुस्तक शुक्रवारी जातंय, फेर्डल."

"जाऊ दे की. म्हातारा खुशीत मरेल."

"तो मरायला टेकलेला नाही. त्याला फक्त दिसत नाही."

"मी तेच म्हणतोय," फेर्डल पावानं वाडगा पुसत म्हणाला. "दिसत नाही."

भांडी घासताना तिला कळलं, की तो म्हणाला ते तिच्याही मनात दुपारपासून होतं. तीन वाटा होत्या. चित्र आहे तसं जाऊ द्यायचं. किंवा मुकाट्यानं ते बदलायचं, डॉक्टरांना समजणारच नाही. पण मजकुरात सुईसारखं टोक आणि चित्रात आखूड, असं पुस्तक निघेल, आणि पाच-दहा वर्षांनी कुणीतरी सभेत ते वाचून दाखवून लोकांना हसवेल. किंवा सांगायचं. तिसरी वाट सगळ्यात दमवणारी होती. नुसत्या विचारानंच तिला कट्ट्याला टेकावंसं वाटलं. आपल्याला हा माणूस आवडतो का, हेही इतक्या वर्षांत तिनं ठरवलं नव्हतं. त्यांनी तिला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. पण तिच्या आईच्या अंत्यविधीला ते तीन तास गाडी चालवून आले होते आणि कबरीपाशी न बोलता उभे राहून तसेच परत गेले होते.

मंगळवार तिनं काही न बोलता घालवला. नुसतं वाचून दाखवलं: शब्द, स्वल्पविराम, तळटीपा. बुधवारी डॉक्टर नेहमीच्या बसनं आले, टोपी खुंटीला लावली, खुंटी चुकली, टोपी पडली, तिनं उचलली.

"पुढे," ते खुर्चीत बसत म्हणाले.

"पुढे चित्रपत्र एकतीस. पिर्कनहाइमची तलवार."

"त्यात काय तपासायचं? ते मला पाठ आहे."

"ते चुकलंय."

"छापखान्याला सांगा मग."

"छापखान्यानं नाही चुकवलं. मी."

मग तिनं सांगितलं. पेन्सिलीचा कागद, शाईचा कागद, खिळा. टोनीच्या खोकल्याचं सांगितलं नाही; ते कारण असलं तरी सबब वाटली असती. डॉक्टर मान थोडी वळवून, कडेच्या नजरेनं तिला शोधत ऐकत होते.

"किती सेंटिमीटर?"

"साडेसहा."

"आणि पन्हळ?"

"मोकळी बाहेर जाते."

त्यांना पुढचं समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचा हात टेबलावर हळूहळू कडेपर्यंत गेला आणि तिथे थांबला.

"पेन्सिलीचा कागद मी पाहिला होता?"

"त्यावर तुमची सही आहे."

"आणि शाईचा?"

"त्यावरही."

बाहेर शाळेची मुलं संग्रहालयात शिरताना कुणीतरी ओरडून त्यांच्या रांगा लावत होतं.

"शुक्रवारी जाऊ दे," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वर्षी मासिकात चार ओळींची दुरुस्ती देऊ. रीतसर. तुमचं नावही येणार नाही."

"चार ओळी कोण वाचतं, डॉक्टर? लोक पुस्तक वाचतात."

"तुम्हाला बोलायला काय जातंय? तुम्ही मेमध्ये घरी जाल, नवऱ्याबरोबर फिरायला जाल. मी कुठे जाऊ? माझ्याकडे दुसरं काय आहे?" त्यांचा आवाज चढला, आणि दाराशी दिलेक येऊन उभी राहिली. "पंचेचाळीस वर्षं, प्लाइन्टिंगरबाई! आणि तुम्ही बुधवारी सांगता!"

"मला सोमवारी कळलं. मंगळवारी धीर झाला नाही."

"हे आणखी छान!"

"ओरडायचं तर ओरडा," रोस्विटा म्हणाली. तिला खरंच राग येत नव्हता. राग यायला लागणारी ताकद शिल्लक नव्हती. "पण त्या पानावर खाली माझं नाव आहे. आता माहीत असून मी ते तसं जाऊ देणार नाही. तुम्ही जाऊ दिलंत, तर मी स्वतः छापखान्याला फोन करेन."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "तलवार आणा."

दिलेकनं ती ट्रेमध्ये, फोमवर आणली आणि त्यांच्यापुढे हातमोजे ठेवले. त्यांनी ते चाचपले आणि बाजूला सारले.

"डॉक्टर, हातमोजे!"

"मला हातमोज्यातून दिसत नाही."

दिलेकनं रोस्विटाकडे पाहिलं, तिनं मान डोलावली. मग दिलेकनं कापसावर स्पिरिट घेऊन त्यांची बोटं एकेक करून पुसली, लहान मुलाची पुसावीत तशी. त्यांनी मुठीकडून सुरुवात केली. बोटं पन्हळीतून खाली आली, सावकाश, आणि एका जागी थबकली. तिथून अर्धं बोट पुढे गेली, परत मागे आली. अंगठ्यानं त्यांनी एक बारीक उंचवटा पुन्हा पुन्हा पडताळला.

"इथे," ते म्हणाले.

"तिथेच," रोस्विटा म्हणाली.

"बोटाला कळतंय. तेव्हाही कळलं असतं." त्यांनी हात काढून घेतला. "तुमचं चित्र इतकं स्पष्ट होतं, की मला लोखंड बघायचं कारणच उरलं नाही."

ही तक्रार होती की कौतुक, हे तिला कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

"त्या चौदांची कार्डं काढा," डॉक्टर म्हणाले. "जिचं टोक खरोखर आहे, ते उजवीकडे. जिचं आपण दिलंय, ते डावीकडे."

डावीकडे अकरा गेली. उजवीकडची तीन एकमेकांसारखी नव्हती. एकीचं टोक गोल, एकीचं बोथट, तिसरीचं जरा वाकडं. दिलेकनं चहा केला, त्यात कुणी साखर घातली नाही आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मधे डॉक्टरांनी पाव आणि तिखट मोहरी काढली, आणि कधी नव्हे ते बाटली रोस्विटापुढे सरकवली. तिला ती मोहरी आवडत नसे. तिनं खाल्ली.

"प्रकारच नाही हा," शेवटी ते म्हणाले. "मोडक्या तलवारी आहेत. ज्याची जिथे मोडली, त्यानं तिथून घासली. लिहून घ्या. पिर्कनहाइम. लांब तलवार म्हणून घडवली: तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात. मोडली: माहीत नाही. आखूड केली: माहीत नाही. जमिनीत गेली: नाण्यानंतर." ते थांबले. "चार वाक्यं, त्यात दोनदा माहीत नाही. प्रकाशक नाचेल."

प्रकाशकाचा नंबर तिनं लावून दिला. पलीकडचा माणूस काय म्हणत होता ते तिला ऐकू येत नव्हतं, डॉक्टरांचंच येत होतं. "नाही, प्रकृती ठीक आहे... नाही, डोळ्यांमुळे नाही. चुकलो... अख्खं सातवं प्रकरण... बरं. म्हणजे पुढच्या वर्षीच्या वसंतात? बरं." त्यांनी फोन ठेवायला जागा शोधली. तिनं हातातून घेतला.

बसला अजून वेळ होता. रोस्विटानं चित्रपत्र एकतीसचा पारदर्शक कागद दिव्याखाली घेतला, खरवडायच्या सुरीला नवं पातं लावलं आणि जुन्या टोकाची शाई खरवडायला लागली. शाई जुनी, कागदात मुरलेली. एका जागी जास्त घासलं तर भोक पडतं, म्हणून श्वास धरून, केसाकेसानं.

"काय करताय?" डॉक्टरांनी आवाजावरून विचारलं.

"टोक काढून टाकतेय."

"आता कसली घाई? वर्ष आहे हातात."

"आज हात स्थिर आहे. उद्याचं सांगता येत नाही."

ते ऐकत बसले. अकरा तलवारींची चित्रं नव्यानं काढायची होती, सातवं प्रकरण पहिल्यापासून लिहायचं होतं, आणि ते वाचून दाखवायला कुणीतरी लागणार होतं. यातलं काहीही ते बोलले नाहीत. मागणं त्यांना कधी जमलं नव्हतं. आज तर त्यांनी मागितलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे दोघांनाही माहीत होतं. वेळ झाली तेव्हा ते उठले आणि कोटाची दुसरी बाही शोधू लागले. ती सापडत नव्हती. दिलेक पुढे होणार होती, पण रोस्विटानं सुरी खाली ठेवली आणि स्वतः जाऊन बाही धरली.

"मेनंतर मी मंगळवारी येईन," ती म्हणाली. "फक्त मंगळवारी. आणि बारा वाजेपर्यंतच."

डॉक्टरांनी हात बाहीत घातला. फेर्डल काय म्हणेल ते तिला शब्दन् शब्द ऐकू येत होतं, व्हॅनच्या दारावर मारलेल्या थापेसकट.

"मंगळवारी पहिली बस दहाला येते," ते म्हणाले.

"मग दहाला या."